युद्धाने मोडलेली आरोग्यव्यवस्था उभी करताना : आधी पगार, मग पाणी, मग वीज, इमारत त्यानंतर

कुठे युद्ध पेटलं की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतो : घरात पडून असलेली औषधं गोळा करू या, पाठवू या. भावना खरी असते. इंदूरमध्ये ती लगेच कामालाही लागते, कारण दवा बाजार हाकेच्या अंतरावर आणि सांवेर रोड, पीथमपूरला औषधांचे कारखाने. पण बोस्नियात काय झालं ते आधी माहीत असावं. १९९२ ते १९९६ या काळात तिथे मदत म्हणून पोचलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन माल निरुपयोगी निघाला. मुदत संपलेली औषधं, अर्ध्या वापरलेल्या पाकिटांतल्या गोळ्या, कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेतली लेबलं. तो सगळा माल नीट नष्ट करायचा तर ३ कोटी ४० लाख डॉलर लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. ज्या देशात दवाखान्याला छप्पर नव्हतं, त्याच्या गळ्यात हा खर्च पडला.

त्यानंतर १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम काढले. औषध पोचेल तेव्हा मुदतीचं निदान एक वर्ष शिल्लक हवं. लेबलवर ब्रँडचं नाव असो नसो, मूळ औषधाचं नाव हवंच, आणि तेही तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत. रुग्णांनी परत केलेली किंवा डॉक्टरांना नमुना म्हणून मिळालेली औषधं चालत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मागणी तिकडून यायला हवी.

सुरुवातीच्या आणीबाणीसाठी तयार संच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था वापरतात तो पूर्ण संच १०,००० लोकांना साधारण तीन महिने पुरेल अशा हिशेबाने बांधलेला असतो. त्यात एकेक हजार लोकांसाठीची दहा मूलभूत खोकी असतात. डॉक्टर नसलेल्या केंद्रात परिचारिका किंवा आरोग्यसेवक ती वापरतील असं धरलेलं असतं, म्हणून त्यांत इंजेक्शन नसतात. डॉक्टर असलेल्या ठिकाणासाठी वेगळी पूरक खोकी येतात. संच चांगलाच असतो. बिघडतं ते पुढे, संचच सहा-सहा महिने पाठवत राहिल्याने. एका औषधाचा डोंगर साचतो, दुसरं दहाव्या दिवशी संपतं. तीन महिन्यांनंतर मागणी खपावरून काढायला लागायचं, आणि त्या हिशेबात एक चूक हमखास होते. समजा अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या महिन्यात २,००० गोळ्या खपल्या, पण त्यातले पंधरा दिवस कपाट रिकामंच होतं. मग खरा खप २,००० नसून ४,००० आहे. माल नसलेले दिवस वजा न करता पुढची ऑर्डर दिली, तर टंचाई दर महिन्याला स्वतःलाच जन्म देत राहते. स्टोअरकीपरला एवढी एक गोष्ट शिकवली तरी निम्मं काम झालं.

औषधांपासून सुरुवात केली, कारण आपल्या हाताशी तीच असतात. पण मोडलेली आरोग्यव्यवस्था पुन्हा उभी करताना माझ्या मते पहिला क्रमांक त्यांचा नाही. पहिला क्रमांक पगाराचा. त्याला उद्घाटनाचा फोटो मिळत नाही, म्हणून तो कायम मागे पडतो.

येमेन पाहा. २०१६ च्या उत्तरार्धापासून तिथल्या बहुतांश सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यात डॉक्टर, नर्स होते, आणि पाणी, सांडपाणी, कचरा सांभाळणारेही होते. पंप बंद, गटारं तुंबलेली, दवाखान्यात माणूस नाही. २०१७ संपता संपता तिथे कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची नोंद दहा लाखांवर गेली. अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत सेवांचा एक ठरीव संच करून प्रांतवार स्वयंसेवी संस्थांना कंत्राटं दिलेली होती, आणि त्यातून दुर्गम भागापर्यंत सेवा खरोखर पोचलीही होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्ता बदलली आणि बाहेरून येणारा पैसा थांबला. इमारती जागेवर होत्या, यंत्रं जागेवर होती. पगार आणि डिझेल नव्हतं. पुढे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने तीसहून अधिक रुग्णालयांचे पगार, इंधन आणि औषधं उचलून धरली, म्हणून ती चालू राहिली.

पगार सुरू करायचा म्हणजे पैसे वाटायचे असं नाही. पहिलं काम हजेरीपट साफ करण्याचं. युद्धात काही माणसं मेलेली असतात, काही परदेशी गेलेली असतात, नावं मात्र यादीत तशीच राहतात. केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन डोकी मोजायची, फोटो काढायचे, नोंदणी क्रमांक तपासायचा, आणि प्रमाणपत्र जळालं असेल तर त्याच वर्गात शिकलेल्या दोघांची साक्ष आणि एक छोटी प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची. दुसऱ्या बाजूच्या ताब्यातल्या भागात शिकलेल्या नर्स, दाया, आरोग्यसेवकांचं काय, हा प्रश्न येतोच. त्यांना बाहेर ठेवलं तर त्या भागातली सेवा एका दिवसात बंद पडते. सगळ्यांसाठी एकच समकक्षता परीक्षा आणि जिथे कमी पडतील तिथे काही महिन्यांचं पुरवणी प्रशिक्षण, हाच त्यातल्या त्यात चालणारा मार्ग. यादवी युद्धातून सावरणाऱ्या सिएरा लिओनने २७ एप्रिल २०१० ला गरोदर बायका, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांची फी माफ केली, तेव्हा आधी हजेरीपट साफ केला आणि पगार वाढवले. हा क्रम उलटा झाला असता, तर मोफत सेवेच्या दारात गर्दी उसळली असती आणि आतल्या कर्मचाऱ्याने पोटासाठी टेबलाखालून पैसे मागितले असते.

आणखी एक दुखणं मदत देणाऱ्यांमुळेच होतं. एक संस्था नर्सला सरकारी पगाराच्या तिप्पट देते, आणि जिल्हा रुग्णालय महिन्याभरात ओस पडतं. तिथल्या तिथे सगळ्या संस्थांनी बसून भत्त्यांचा एकच तक्ता ठरवायचा आणि तो पाळायचा. हे पहिल्या महिन्यात झालं तर होतं. एकदा दर चढले की मग कुणीही खाली यायला तयार नसतं.

दुसरा क्रमांक पाण्याचा. हिशेब सोपा आहे. दाखल रुग्णामागे रोज ४० ते ६० लिटर, बाह्यरुग्णामागे ५ लिटर, प्रत्येक शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला १०० लिटर. शंभर खाटा, दोनशे बाह्यरुग्ण आणि दिवसाला दहा बाळंतपणं-शस्त्रक्रिया धरल्या तर, खाटेमागे ६० लिटरने, ८,००० लिटर. टँकर नाक्यावर अडकू शकतो, म्हणून निदान दोन दिवसांचा साठा, म्हणजे १६,००० लिटरच्या टाक्या. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो. आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग क्लोरीन, मग अर्धा तास थांबायचं, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक आहे का ते तपासायचं. टाकीपाशी तपासून उपयोग नाही. बॉम्बच्या हादऱ्याने फुटलेल्या पाइपात वाटेतच सांडपाणी शिरत असतं.

रक्त, उलटी सांडलेली जमीन पुसायला ०.५ टक्क्याचं द्रावण लागतं. ७० टक्के क्लोरीन असलेलं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर दहा लिटरला ७१ ग्रॅम; ३३ टक्क्यांची आपली नेहमीची ब्लीचिंग पावडर असेल तर सुमारे १५० ग्रॅम. हात धुवायचं ०.०५ टक्क्याचं द्रावण याच्या दहापट पातळ. घोळ होतो तो इथे : पोतं उन्हात उघडं राहिलं की पावडर मरते, ३३ वरून २० टक्क्यांवर येते, आणि तेच १५० ग्रॅम घालून बनलेलं द्रावण ०.३ टक्क्याचं होतं. वास तसाच येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. नवं पोतं उघडताना त्यावर तारीख घालायची, झाकणाच्या ड्रममध्ये ओतायचं, सावलीत ठेवायचं आणि द्रावण रोज नवीन करायचं.

वीज. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

आलेला जनरेटर बहुधा गरजेपेक्षा मोठा असतो, कारण देणाऱ्याला मोठा दिलेला बरा वाटतो. डिझेल जनरेटर क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली सतत चालला, तर इंजिन पुरतं तापत नाही, अर्धवट जळालेलं इंधन धुराड्यात आणि पिस्टनवर साचतं, काळं तेल गळायला लागतं आणि यंत्र अकाली मरतं. उलटी चूकही होते : सगळ्या यंत्रांचे वॅट बेरजेला घेतले आणि तेवढाच जनरेटर आणला. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि त्याच लाइनवरचा ऑक्सिजन कॉन्सेंट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) बंद पडतो. म्हणून एका मोठ्याऐवजी दोन लहान जनरेटर घ्यावेत; दिवसा शस्त्रक्रियागृह आणि ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) चालू असताना दोन्ही, रात्री एक. मोटरला ती हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर आणि नाजूक यंत्रांना वेगळी लाइन, त्यावर स्टॅबिलायझर.

डिझेलचा अंदाज एका युनिटला ०.३ लिटर धरावा. सरासरी दहा किलोवॉटचा भार चोवीस तास चालला तर २४० युनिट, म्हणजे दिवसाला ७२ लिटर, महिन्याला २,१०० लिटरच्या पुढे. ऑइल आणि फिल्टर साधारण २५० तासांनी बदलतात. आपल्याकडे जनरेटर वर्षाला तेवढा चालतो, म्हणून ‘वर्षाची सर्व्हिस’ डोक्यात बसलेली असते. जिथे ग्रिडच नाही तिथे २५० तास दहा दिवसांत होतात. महिन्याला तीन वेळा ऑइल, तीन फिल्टर. हे सुटे भाग पहिल्या खेपेतच वर्षभराचे गेले नाहीत, तर चौथ्या महिन्यात नवाकोरा जनरेटर अंगणात उभा राहतो. जीएसआयटीएस या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बायोमेडिकल करून अशा कामावर जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी यंत्राच्या किमतीआधी सुट्या भागांची यादी मागायची सवय लावून घ्यावी. गरीब देशांतल्या रुग्णालयांची २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी आहे; त्यात जवळजवळ ४० टक्के यंत्रं बंद पडलेली आढळली. कारणं साधीच आहेत : सुटे भाग, प्रशिक्षण आणि मूलभूत सोयी नसणं.

ऑटोक्लेव्हचं उदाहरण तर इंदूरकरांना सांगायलाच नको. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. तिथेही नळाचं पाणी गेल्यावर बोअरच उरतो. हीटरवर क्षार चढतात, १२१ अंश गाठायला वेळ लागतो, घाईत सायकल मधेच थांबवली जाते आणि निर्जंतुक न झालेली हत्यारं टेबलावर येतात. मऊ केलेलं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, दोन जादा हीटर, दोन जादा गॅस्केट आणि प्रत्येक पुडक्यावर रंग बदलणारी टेप. कापडात बांधलेल्या हत्यारांना १२१ अंशांवर ३० मिनिटं. घड्याळ तापमान गाठल्यावर सुरू करायचं, बटण दाबल्यावर नाही.

लसींच्या शीतसाखळीला रोज आठ तास वीज मिळाली तरी आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर (भिंतीत बर्फाचा थर असलेला फ्रीज) निभावतो. तेवढीही नसेल तर बॅटरी नसलेला, थेट सौर ऊर्जेवरचा फ्रीज. बॅटरी नसणं हा इथे मोठा गुण आहे. बॅटऱ्या चोरीला जातात. तापमान २ ते ८ अंश. सगळे उष्णतेला घाबरतात, पण पेंटाव्हॅलंट, हेपटायटिस बी, धनुर्वाताची लस गोठल्याने कायमची खराब होते, आणि कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता सांगतो, गोठणं सांगत नाही. डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच पेटीत भरले की पेटीच्या कडेच्या कुप्या गोठतात. पॅक बाहेर ओळीने मांडून ठेवायचे, अंगावरचं पांढरं दव जाऊ द्यायचं, अधूनमधून एकेक कानापाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की भरायला तयार. उन्हाळ्यात याला थोडा वेळ लागतो, थंडीच्या दिवसांत बराच, आणि टीमची गाडी बाहेर हॉर्न वाजवत असते. नेमकी तेव्हा ही पायरी गाळली जाते. शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, ती आणि शंकेची कुपी एकत्र हलवून सपाट जागी ठेवायच्या आणि अर्धा तास बघायचं. शंकेच्या कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतकाच झटपट खाली बसला, तर लस फेकायची. लसीकरण थांबलं की काय होतं ते सिरियात दिसलं. तिथे १९९९ नंतर पोलिओ नव्हता. युद्धात लसीकरण कोलमडलं आणि २०१३ मध्ये तो परत आला.

ऑक्सिजनबद्दल एप्रिल २०२१ पाहिलेल्या शहराला वेगळं सांगावं लागू नये. तेव्हा सिलिंडरसाठी रांगेत उभे राहिलेल्यांना हा हिशेब लगेच समजेल. डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. मोठ्या माणसाला मिनिटाला दहा लिटर दिला तर बारा तासही पुरत नाही. न्यूमोनियाच्या बाळाला मिनिटाला एक लिटर दिला तर जवळजवळ पाच दिवस. संघर्षाच्या भागात सिलिंडर नाक्यांवर अडवले जातात, शिवाय एका देशाचा रेग्युलेटर दुसऱ्या देशाच्या सिलिंडरला बसत नाही. म्हणून लहान केंद्रात मिनिटाला पाच लिटर देणारे कॉन्सेंट्रेटर बरे. एकाला सुमारे ३५० वॉट लागतात आणि प्रवाह वाटून देणारा फ्लो स्प्लिटर लावला तर त्यावर तीन-चार बाळं एकाच वेळी राहतात. मारक गोष्टी दोन : धूळ आणि दमटपणा. फिल्टर आठवड्याला धुवायचा, ढिगारे उपसत असतील तेव्हा रोज. हवेतला नायट्रोजन पकडणारा आतला झिओलाइट ओलावा शोषतो आणि निकामी होतो. महिनोन् महिने न वापरता ठेवलेलं यंत्र सुरू केल्यावर गुणगुणतं, हवा सोडतं, पण ती नुसती हवाच असते. म्हणून ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा मीटर हवा. ८२ टक्क्यांच्या खाली गेलं की यंत्र रुग्णापासून बाजूला. आणि प्रत्येक वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर, कारण रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली कुणाचा आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आता इमारत. तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्याकडे लक्ष देणारे पुष्कळ असतात. ढिगाऱ्यात न फुटलेले बॉम्ब असतात. इराकमधल्या मोसुल शहराच्या अल-शिफा रुग्णालय संकुलात स्फोटकं काढल्याशिवाय फावडंसुद्धा लावता येत नव्हतं. त्या शहरातल्या तेरापैकी नऊ सरकारी रुग्णालयांचं नुकसान झालं होतं आणि लढाई संपून दोन वर्षांनी, २०१९ मध्येही, १८ लाख लोकांसाठी हजाराहून कमी खाटा होत्या. अशा वेळी तंबू आणि कंटेनर लागतातच. फक्त ते उभारताना पाण्याची लाइन, गटार आणि विजेचा पॅनेल कायमच्या जागी, कायमच्या मापाने घालावा. वरचं छप्पर नंतर बदलता येतं, जमिनीखालचं सगळं पुन्हा खणावं लागतं.

कोणत्या जिल्ह्यात कोण काम करणार हेही आधी ठरावं. तोवर इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरमध्ये १९९९ च्या हिंसाचारात बहुतेक इमारती जळाल्या आणि इंडोनेशियन डॉक्टर निघून गेले. तिथे २००० मध्ये हंगामी आरोग्य प्राधिकरण उभं राहिलं आणि प्रत्येक जिल्ह्याची आरोग्य योजना एकेका संस्थेकडे सोपवली गेली, पुढे सरकारने जबाबदारी घ्यायची हे धरून. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. डॉक्टर तयार करायला मात्र वर्षं लागली. शेकडो तिमोरी मुलं क्यूबात जाऊन शिकली. लायबेरियात युद्ध २००३ मध्ये थांबलं, पण मनुष्यबळाची खोल दरी भरलेली नसतानाच २०१४ मध्ये इबोला आला.

शेवटचं, आणि सगळ्यात लांब चालणारं काम कृत्रिम पायांचं. आपल्याला जयपूर फूट माहीत आहे. १९६८ पासूनचं ते तंत्र स्वस्त आहे, त्यावर मांडी घालता येते, चिखलात चालता येतं. रेड क्रॉसची काबूलसारखी केंद्रं पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची शीट तापवून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसतो ती खोबण, ओढतात. देणगीदार पहिला पाय देतो आणि काम संपलं असं समजतो. वाढत्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी नवा पाय लागतो, मोठ्या माणसाला तीन ते पाच वर्षांनी. सुरुंगावर पाय पडलेलं आठ वर्षांचं मूल अठराव्या वर्षापर्यंत वीसेक पाय वापरतं आणि साठीपर्यंत आणखी दहाएक. म्हणून केंद्र सुरू करताना ओव्हन, व्हॅक्यूम पंप आणि शीटच्या साठ्याबरोबरच स्थानिक मुलांना तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं, त्यांत निदान काही मुली हव्यात, कारण अनेक ठिकाणी बाई पुरुष तंत्रज्ञाकडून माप घेऊ देत नाही. प्रत्येक रुग्णाचं नाव, गाव, पावलाचं माप, सॉकेटचा प्रकार आणि पुढच्या भेटीचा महिना रजिस्टरमध्ये दोन प्रतींत लिहायचा. संस्था निघेल तेव्हा एक प्रत आरोग्य खात्याकडे, दुसरी वर्कशॉपमध्ये, आणि निदान पुढच्या दोन वर्षांची शीट गोदामात.